शाडूची मूर्ती आणि भट्टीतलं शिल्प

कोकणात गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, मातीत हात घातलेली मुलं पुढे सिरॅमिककडे वळतात, तेव्हा एक गैरसमज हमखास सोबत येतो: मूर्ती जमते, म्हणजे तीच भट्टीत घालता येईल. तसं नाही.

शाळेत घरोघरचे पाट येतात आणि त्यांवर मूर्ती बसते. हाताने घडवलेली मूर्ती बरीचशी भरीव असली तरी चालतं, कारण ती नुसती सुकवायची असते. तडा गेलाच तर ओली माती भरायची, पाण्याचा हात फिरवायचा, वर रंग. विसर्जनात तिने विरघळायलाच हवं.

भट्टीतल्या शिल्पाचं उलट. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या रचनेत बांधलेलं पाणीही निघून जातं. मग ती पुन्हा चिखल होत नाही. पण त्याआधी, १०० अंशांच्या आसपास, जाड गाभ्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि काम फुटतं. लोक हवेच्या बुडबुड्याला दोष देतात. फोडते ती वाफ.

म्हणून शिल्प पोकळ हवं, आणि वळ्यांनी, म्हणजे मातीच्या लांब गोल दोऱ्या एकावर एक बसवून, रचलेलं शिल्प पहिल्यापासून पोकळच उभं राहतं. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात आकार सावकाश सापडत जातो. मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भुगा, मळून घ्या. बोटाएवढी जाड वळी करा. खालच्या काठावर ओरखडे काढून पातळ चिखल लावा, वळी बसवा आणि आतून अंगठ्याने तिची माती खालच्या थरावर ओढून सांधा पुसून टाका. हा सांधा कच्चा राहिला, तर तडा नेमका तिथेच जातो. पोट सुटायला हवं असेल तर वळी काठाच्या बाहेरच्या अंगाला ठेवा, खांदा मिटवायचा असेल तर आतल्या. चार-पाच वळ्या झाल्या की थांबा, खालचा भाग आवळू द्या. काठ मात्र ओल्या फडक्याने झाका. डोकं बंद केलंत, तर न दिसेलशा जागी भोक हवंच.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची दमट हवा रचताना सोयीची, कारण काठ लवकर सुकत नाही. भाजताना तीच नडते. आठवडे ठेवलेलं कामही पूर्ण कोरडं होत नाही, तेव्हा भट्टी आधी कित्येक तास १०० अंशांच्या खालीच ठेवावी. त्याआधी शिल्प गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून ओल आहे.