झाड शहराचं, मग फुटपाथ कुणाचा?

न्यूयॉर्क शहरात घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हमखास सांगितलं जातं, ‘दारासमोरचं झाड शहराचं. त्याच्या मुळांनी फुटपाथ उचलला तर शहर बघून घेईल.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यावर विसंबू नका.

घरापुढचा फुटपाथ नीट ठेवणं हे तिथल्या कायद्यानं मालकाचंच काम आहे. सप्टेंबर २००३ पासून, त्यावर अडखळून कुणी पडलं तर भरपाईही मालकाकडेच मागितली जाते. या भरपाईतून सूट आहे ती एक ते तीन कुटुंबांच्या घराला, आणि तीही मालक स्वतः तिथे राहत असेल व घराचा वापर फक्त राहण्यासाठीच होत असेल तर. म्हणजे सगळं घर भाड्यानं देऊन तुम्ही न्यू जर्सीत राहायला गेलात की सूट गेली! ही अट फार कमी लोकांना ठाऊक असते, आणि महागात पडते ती हीच.

झाडाभोवतीचं आळं मात्र या कायद्यापुरतं फुटपाथात धरलं जात नाही, असं राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयानं २००८ मध्ये ठरवलं.

२०१९ मध्ये लहान घरांना आणखी दिलासा मिळाला: नुकसान केवळ शहराच्या झाडामुळे असेल, तर घरावर शहराचा बोजा (मालमत्तेवर नोंदवलेला कायदेशीर हक्क) चढत नाही.

मुळं स्वतः तोडू नका. उद्यान विभागाच्या परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, शिवाय मुळं तुटलेलं झाड वादळात कुणाच्याही अंगावर येऊ शकतं. आधी ३११ या शहराच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.