लालबुड्या की शिपाई? बुलबुल चेहऱ्यावरून ओळखावा

पक्षी पाहायला नव्याने लागलेला माणूस बुलबुल दिसला की आधी त्याच्या शेपटीखाली बघतो. तिथे लाल रंग दिसला की वहीत ‘लालबुड्या बुलबुल’ लिहून मोकळा होतो. पण शिपाई बुलबुलाच्या शेपटीखालीही लाल रंगच असतो. दोघांची लांबी साधारण वीस सेंटिमीटर, पाठ दोघांचीही तपकिरी. एकाच फळलेल्या झाडावर दोघे शेजारी शेजारी बसून खाताना दिसतात, आणि उडण्याची उसळती ढबही सारखीच. तेव्हा ओळख पटवण्यापुरता तो लाल रंग सरळ बाजूला ठेवावा. तो नजर खेचून घेतो, पण दोघांमधला फरक सांगत नाही.

फरक आहे तो तोंडावर. लालबुड्याचं डोकं आणि गळा काळा. गाल असा वेगळा उठून दिसत नाही, फार तर काही पक्ष्यांत कानाजवळ तपकिरी झाक असते. तुरा आहे, पण आखूड आणि मागच्या बाजूला. पक्षी निवांत असेल तर डोकं जवळपास गोल भासतं. चिडला किंवा सावध झाला की पिसं उभी राहतात आणि डोकं त्रिकोणी दिसू लागतं. म्हणूनच ‘तुरा दिसला म्हणजे शिपाई’ हा ठोकताळा फसवा आहे. शिपायाचा तुरा उंच, काळा, टोकदार आणि बहुतेक वेळ उभाच असतो. त्याचा गाल स्वच्छ पांढरा असतो आणि त्या गालाखालून एक बारीक काळी रेघ जाते. ती गालाला पांढऱ्या गळ्यापासून वेगळं करते. डोळ्यामागे लाल पिसांचा छोटा झुबका असतो. पुस्तकातल्या चित्रात तो ठसठशीत दिसतो, पण प्रत्यक्षात अगदी लहान असतो. सावलीत काळपट वाटतो, लांबून तर दिसतही नाही. शिपाई ओळखायचा तो पांढरा गाल आणि काळी रेघ पाहून. लाल झुबका दिसला तर उत्तमच, नाही दिसला तरी काही अडत नाही.

छातीवरही खूण आहे. लालबुड्याच्या छातीवर आणि पाठीवर पिसांच्या फिक्या कडांमुळे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते, आणि पोटाकडे रंग फिका होत जातो. शिपायाची छाती पांढरी. दोन्ही खांद्यांकडून काळपट तपकिरी पट्टा आत येतो.

पाठमोरा पक्षी असेल तर खरी परीक्षा. तो दूर उडून जातो आहे, चेहरा दिसायची सोय नाही. अशा वेळी कंबर, म्हणजे पाठ आणि शेपटी यांच्यामधला भाग, बघायची. लालबुड्याची कंबर पांढरी असते. बसलेला असताना ती पंखांखाली झाकलेली असते, उडताच लख्ख दिसते. शिपायाची कंबर पाठीसारखीच तपकिरी. दुसरी खूण शेपटीच्या टोकाची, आणि इथे थोडं सांभाळून. लालबुड्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतंच. अनेक पुस्तकांत शिपायाच्या शेपटीलाही पांढरी टोकं दाखवलेली असतात आणि ती चुकीची नसतात. पूर्वेकडच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या शिपायाला ती असतात. पण पश्चिम आणि मध्य द्वीपकल्पात राहणारी जी उपजात आहे, म्हणजे सह्याद्रीत आपल्याला दिसते ती, तिच्या शेपटीला पांढरी टोकं नसतात. शिवाय तिच्या छातीवरचा पट्टा जवळजवळ पूर्ण जुळलेला असतो. म्हणजे महाराष्ट्रात पांढरी कंबर आणि पांढरं शेपूट-टोक घेऊन उडून गेलेला बुलबुल लालबुड्याच. हाच नियम घेऊन बंगालमध्ये गेलात तर निम्मा नियम तिथे गळून पडतो.

पिल्लांच्या बाबतीत मुरलेले निरीक्षकही थबकतात. नुकत्याच घरट्याबाहेर आलेल्या शिपायाला लाल झुबका नसतो, तुरा आखूड असतो, डोकं काळ्याऐवजी तपकिरीकडे झुकतं आणि शेपटीखालचा रंग लाल नसून नारिंगी असतो. लालबुड्याचं पिल्लूही असंच फिकट, शेपटीखाली फिकुटलेलं. दोघांना वेगळं करते ती पुन्हा गालाची पांढरी जागा. शिपायाच्या पिल्लात ती लवकर दिसू लागते. तरीही शंका राहिली तर थोडा वेळ थांबावं. चोचीत अळी घेऊन जो मोठा पक्षी येईल तो उत्तर घेऊनच येतो.

पांढरा गाल पाहून लगेच शिपाई म्हणू नये, अशा जागाही आहेत. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांत, कांदळवनात आणि पुढे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात पांढऱ्या गालाचा बुलबुल असतो, पण त्याला उंच तुरा नसतो आणि बूड पिवळं असतं. हिमालयातल्या बुलबुलाचा गालही पांढरा, बूड पिवळं, आणि तुरा मात्र पुढे वळलेला. लालबुड्या आणि पांढऱ्या गालाचा यांचा संकरही होतो, अशा पक्ष्याचं बूड नारिंगी दिसतं. या एका प्रसंगी मात्र शेपटीखालचा रंग कामाचा ठरतो.

जागेवरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही. लालबुड्या कोरड्या माळापासून गर्दीच्या शहरापर्यंत सगळीकडे. शिपायाला ओलसर, झाडीचा मुलूख लागतो: कोकण, माथेरान, महाबळेश्वर, घाटमाथा, झाडी राखलेल्या बागा. पठारावर पूर्वेकडे जावं तसा तो विरळ होत जातो. आवाजातही फरक आहे. शिपाई झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसून तीन-चार सुरांची खणखणीत, लयदार शीळ घालतो आणि ती पुन्हा पुन्हा म्हणतो. लालबुड्याचं बोलणं तुटक आणि जरा खरखरीत. मांजर, साप किंवा घुबड दिसलं की तोच पहिला कलकलाट करतो. आवाज लिहून दाखवण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण लिहिलेल्या आवाजावरून पक्षी ओळखल्याचं अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.

खाण्याच्या सवयी मिळत्याजुळत्या आहेत. फळं, फुलांतला मध, कोवळ्या पाकळ्या, किडे. घाणेरीची फळं दोघेही आवडीने खातात आणि बिया दूरवर टाकतात, म्हणून परमुलखात गेले की त्रासदायक ठरतात. लालबुड्या जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. हवाईच्या ओआहू बेटावर १९६०च्या दशकात दोघांनीही बस्तान बसवलं. तिथल्या मोनार्क फुलपाखरांत नेहमीचा नारिंगी आणि विरळा पांढरा असे दोन प्रकार होते; बुलबुल नारिंगी फुलपाखरं जास्त टिपून खात गेले आणि पुढच्या वीसेक वर्षांत पांढऱ्यांचं प्रमाण वाढलं. आपल्या अंगणात निरुपद्रवी वाटणारे हे पक्षी फुलपाखरांचा रंग बदलवू शकतात, हे मला तरी थक्क करणारं वाटतं.

कॅमेऱ्यापुढे दोघांचे नखरे वेगळे

ज्या खुणांनी हे दोघे वेगळे ओळखू येतात, त्याच खुणा छायाचित्रकाराला वेगवेगळ्या अडचणीत टाकतात. लालबुड्याची अडचण काळ्या डोक्याची. डोळा गडद तपकिरी, भोवती काळी पिसं. प्रकाश नीट नसेल तर डोळा दिसतच नाही आणि चित्र मेल्यासारखं वाटतं. डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका यायलाच हवा. त्यासाठी सूर्य आपल्या पाठीशी आणि खाली असावा, म्हणजे सकाळचे पहिले दोन तास. उजळ आकाशापुढे बसलेला लालबुड्या कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडला तर नुसती काळी आकृती मिळते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप वाढवावं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). उलट पक्षी जवळ असेल, चौकट त्यानेच भरली असेल आणि मागे गडद पानं असतील, तर कॅमेरा काळ्याचं राखाडी करायला बघतो. तिथे कमी करावं लागतं. ‘काळा पक्षी म्हणजे नेहमी प्लस’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे.

शिपायाचं दुखणं उलटं. पांढरी छाती आणि काळा तुरा एकाच चौकटीत. दुपारच्या उन्हात छातीवरची पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो, किंवा ती वाचवायला गेलं तर तुरा काळा ठोकळा होतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवून पांढरं वाचवावं, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपावं आणि काळ्यातला तपशील नंतर वर काढावा. पातळ ढगाळ दिवस शिपायासाठी सोन्यासारखा; लालबुड्याला त्याच दिवशी थोडं जास्त ऊन चाललं असतं. आणि दोघांच्याही बाबतीत लाल रंगाचा एक छुपा त्रास आहे: एकूण हिस्टोग्राम (चित्रातला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख) व्यवस्थित दिसतो, पण लाल रंगाचा आलेख एकटाच उजवीकडे आदळलेला असतो. मग बुडावरची पिसं पिसं राहत नाहीत, रंगाचा सपाट ठिपका होतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर तोच लावून ठेवावा.

कोन कुठला घ्यायचा? शिपायाला बाजूने टिपावं, म्हणजे तुरा, गाल, रेघ सगळं एकत्र येतं. तुऱ्याच्या वर मोकळी जागा सोडा. तुरा चौकटीच्या कडेला टेकलेली चित्रं फार बघायला मिळतात. लालबुड्याला किंचित मागून आणि खालून घेतलं तर खवल्यांची पाठ आणि लाल बूड दोन्ही मिळतात. तो फळाकडे वाकतो तेव्हा शेपूट वर जाते, तो क्षण धरायचा. त्याची पांढरी कंबर हवी असेल तर उड्डाणच टिपावं लागतं: उडण्याआधी बुलबुल अंग दाबून पुढे झुकतो, तिथेच बर्स्ट (सलग भराभर छायाचित्रं घेणं) सुरू करा, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० बरं, कारण मान सतत हलत असते. चारशे मिलिमीटरची लेन्स जंगलात हवीशी वाटते. बागेत माणसांना सरावलेल्या लालबुड्याला त्याहून कमीतही भागतं.

पाठलाग मात्र करू नये. उंबर किंवा वड फळला असेल, पांगारा किंवा काटेसावर फुलली असेल, तर तिथे बसून राहावं. बुलबुल थेट फळावर उतरत नाही, आधी ठरलेल्या एखाद्या मोकळ्या फांदीवर थांबतो. दोन-तीन फेऱ्यांत ती फांदी लक्षात येते. फोकस तिथेच लावून ठेवायचा. बागेत चार-पाच सेंटिमीटर खोल पाण्याचं पसरट भांडं आणि त्याशेजारी एक वाळकी फांदी एवढं पुरतं. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावणं मला मान्य नाही, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. पक्षी येतो तो हद्द राखायला, आणि पिल्लं तेवढा वेळ उपाशी राहतात.

घरट्याचं छायाचित्र हा त्याहून नाजूक विषय. दोघांचं घरटं वाटीच्या आकाराचं, झुडपात किंवा माणसाच्या घराला लागून. अंडी बहुधा दोन-तीन, गुलाबीसर, लालसर ठिपक्यांची. अंड्यांवरून जात ओळखायच्या फंदात पडूच नये. नीट दिसावं म्हणून आडवं आलेलं पान वळवणं, फांदी बांधून ठेवणं, फ्लॅश मारणं, यातलं काहीही केलं की घरटं कावळ्याला आणि मांजरीला उघडं पडतं. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचाही (१९७२) धाक आहे. थोडं थांबलं तर त्याहून चांगली संधी चालून येते. अंडी सुमारे दोन आठवड्यांत उबतात आणि त्यानंतर साधारण तेवढ्याच काळात पिल्लं घरटं सोडतात, तेही नीट उडता येण्याआधी. काही दिवस ती जवळच्या झुडपात शेजारी शेजारी बसून राहतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. जमिनीवर दिसलं म्हणून पिल्लू उचलून आणू नका, ते पोरकं नसतं. लांब लेन्स लावून आठ-दहा मीटरवर शांत बसा. मोठे पक्षी कलकलाट करू लागले किंवा चोचीत खाऊ असूनही जवळ येईनात, तर आणखी मागे सरा.