बरणीवर पीएच का लिहिलेला असतो, ते जरा सविस्तर

नमस्कार. देवगडला आमच्याकडे येणारे बरेच जण बरणी फिरवून फिरवून बघतात आणि विचारतात, ताई, एक्स्पायरीच्या बाजूला हे पीएच ३.९ वगैरे काय लिहिलंय? सीझनच्या गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद बरणीबरोबर देतोय. पीएच म्हणजे पदार्थ किती आंबट आहे ते सांगणारा आकडा. सावकाश वाचा.

आमच्याकडे आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी हे सगळं आजीच्या आधीपासून होतंय. मी फूड सायन्समध्ये एमएस करायला अमेरिकेत गेले. तिकडे १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यातून शेती आणि कारागिरी शिकवणारी कॉलेजं उभी राहिली, तशाच एका विद्यापीठात मी होते. १९१४ पासून त्यांना अजून एक काम आहे, विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचवायचं. म्हणजे गावातली एखादी बाई घरी केलेला जॅम किंवा सॉस विकायला काढणार असेल तर ती बाटली घेऊन सरळ लॅबमध्ये येते, आणि बऱ्याचदा ती बाटली उघडून तपासणारं पोर म्हणजे आमच्यासारखा विद्यार्थी असतं. व्हिसाच्या नियमाने सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच कॅम्पसवर काम करता यायचं, ते सगळे मी तिथे घालवले, आणि खरं सांगते, लेक्चरमधलं पुष्कळ विसरले पण ते तास नाही विसरले.

पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाने स्वतःचा एक पदार्थ बनवायचा होता. मी आजीच्या पद्धतीने लसणाचं लोणचं केलं, सोललेल्या अख्ख्या पाकळ्या, मसाला, तेल आणि वर व्हिनेगर, अशा २४ बरण्या. वरच्या खाराचा पीएच घेतला, ३.६ आला, मी खूश. दोन दिवसांनी सरांनी एक बरणी उघडायला लावली, तेल निथळून काढलं, पाकळ्या मिक्सरला फिरवल्या आणि म्हणाले आता मोज. ५.१. सगळ्या २४ बरण्या मी माझ्या हाताने रिकाम्या केल्या.

झालं काय होतं तर आंबटपणा बाहेरच राहिला होता, तेलाचा थर बसल्यामुळे व्हिनेगर पाकळीच्या आत नीट शिरलंच नव्हतं. आता, पीएच जितका कमी तितका पदार्थ आंबट, आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक. ४.६ ही त्यातली महत्त्वाची रेघ. त्याच्या वर, हवा नसलेल्या बंद बरणीत, नेहमीच्या तापमानाला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढू शकतो आणि विष तयार करतो. त्या विषाने होणाऱ्या आजारात, म्हणजे बोट्युलिझममध्ये, माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वास बंद पडू शकतो, आणि बरणीला वास, रंग, चव यातलं काही बदललेलं असेलच असं नाही. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्याला प्रेशरखाली १२१ अंशाच्या आसपास तापवावं लागतं. हे सगळं मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. पण पाकळी दळून मोजायची हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत सफरचंदाचा सॉस करणाऱ्या एका फॅक्टरीत इंटर्नशिप केली. तिथे मला आधी काय दिलं असेल तर पंप खोलून, एकेक रबरी रिंग काढून धुवायचं काम, कारण गर अडकतो तो तिथेच. आजही आमच्याकडे पल्पर, म्हणजे गर काढायचं यंत्र, मीच खोलते, दुसऱ्यावर सोडत नाही.

घरी आले तेव्हा पीएच मीटर बघून आजी म्हणाली, "हाताक कळता, मीटर कित्याक व्हयो?" तिचा हात खरंच चुकत नाही, पाक किती तारी आला ते ती नुसत्या बोटावर सांगते. पण लसणाच्या आतला आंबटपणा हाताला लागत नाही हे तिला मी पाकळी दळून दाखवलं आणि तेव्हापासून सकाळी मीटर काढायची आठवण तीच करते. बॅच लावायच्या आधी पीएच ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे ज्यांचा पीएच ठरलेला असतो अशा द्रावणांत, मीटर जुळवून घेतो, लोणच्याच्या पाकळ्या आधी व्हिनेगरमध्ये मुरवतो, दळून मोजतो, ४.२ च्या खाली आल्या तरच तेल घालून बरणी भरतो. हापूसचा पल्प मुळात आंबट असतो, तो कडकडीत गरम भरून झाकण लावतो आणि बरणी थोडा वेळ उलटी ठेवतो, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते.

म्हणूनच काही गोष्टींना आम्ही नाही म्हणतो, त्याचा राग धरू नका. लोणच्यात व्हिनेगर कमी घाला, नुसती तेलातली लसूण द्या, असं बरेच जण सांगतात. ते नाही देणार. पिकलेला फणस गोड असला तरी आंबट नसतो, त्याचा गर साधा बरणीत भरून देणं धोक्याचं आहे, त्यामुळे फणस आमच्याकडे पोळी करून सुकवलेलाच मिळेल. मुंबईला न्यायला सोपं पडतं म्हणून मागणी खूप आहे, कळतं आम्हाला, तरी नाही.

घरी नेल्यावर एवढं बघा. झाकणाचा मधला भाग खाली बसलेला हवा, बोटाने दाबल्यावर टक टक हलत असेल किंवा वर फुगला असेल तर चाखून बघू नका, परत आणा, बदलून देऊ. पल्प उघडला की फ्रिजमध्ये, कोरडा चमचा, आठवड्याभरात संपवायचा. पल्पचा रंग एका बॅचला केशरी तर दुसऱ्याला जरा फिका येतो, आम्ही रंग घालत नाही आणि एप्रिलचा आंबा नि मेअखेरचा आंबा सारखा नसतो, त्यामुळे तेवढं चालायचंच.

झाकणावर पेनाने बॅच नंबर लिहिलेला असतो. काही वेगळं वाटलं तर तेवढा सांगा, त्या दिवशीचा पीएच वहीत असतो, आणि प्रत्येक बॅचची एक बरणी आम्ही एक्स्पायरी होईपर्यंत आमच्याकडे ठेवतो, ती तुमच्यासमोर उघडून मोजू.