यंत्र आले म्हणून गाईडचे काम संपत नाही

मोबाईलवर पर्यटनस्थळांचे निवेदन ऐकू येऊ लागले, आता गाईडचा धंदा बसणार, असे अनेक वर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. सनावळ्या आणि लेण्यांचे क्रमांक यंत्र चोख सांगते, त्यामुळे केवळ पाठांतरावर पोट भरणाऱ्यांना धास्ती वाटणे रास्त आहे. परंतु अजिंठ्याच्या लेणे क्र. १ मध्ये जाणकार गाईड गाभाऱ्यातील बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून आणि समोरून प्रकाश पडला की चेहऱ्यावरील भाव कसा पालटतो ते दाखवतो, पायऱ्यांनी दमलेल्या आजींना मध्येच बसवतो आणि एखाद्या मुलाच्या अनपेक्षित प्रश्नावरून भिंतीवर रंगवलेल्या जातककथेकडे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या गोष्टीकडे, वळतो. या पेशात येऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच मूर्तिशास्त्र, चित्रकला आणि एखादी परदेशी भाषा, विशेषतः बौद्ध यात्रेकरूंसाठी जपानी, मनापासून शिकावी.