भाड्याच्या सर्व्हरवरचा नोड: ही पद्धत पडली कशी?

पुण्यात 'मी क्रिप्टोचा नोड, म्हणजे नाण्याच्या नेटवर्कमधला एक संगणक, चालवतो' असं कुणी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: 'महिन्याला किती टक्के सुटतात?' विचारणाऱ्याचा दोष नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेत क्लाउड मायनिंगच्या (दुसऱ्याच्या यंत्रांवर नाणी मिळवण्याच्या) नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के कबूल केले गेले होते आणि २०१८मध्ये त्याचे गुन्हे दत्तवाडी, निगडी पोलिस ठाण्यांत नोंदले गेले. २०२२मध्ये तर पोलिसांनी तपासाला मदतीसाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली. त्यानंतर 'क्लाउड' आणि 'कॉइन' एकत्र ऐकले की इथला माणूस सावध होतो, आणि ते बरंच आहे. पण क्लाउड सर्व्हरवर प्रूफ ऑफ स्टेकचा, म्हणजे हाती असलेल्या नाण्यांच्या जोरावर चालणारा, नोड बसवणं हा निराळा उद्योग आहे. त्यात नाणी आपली, सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं, आणि यंत्र तेवढं भाड्याचं. परताव्याची हमी कुणीच देत नाही.

बिटकॉइन जानेवारी २००९मध्ये सुरू झालं तेव्हा पुढचा ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा; जोडणाऱ्याला नाणी मिळतात) कुणी जोडायचा हे आकडेमोडीच्या शर्यतीवर ठरत होतं. ती शर्यत आधी साध्या संगणकावर चालली, मग ग्राफिक्स कार्डांवर आणि २०१३पासून त्याच कामासाठी घडवलेल्या चिपांवर. घरचा संगणक शर्यतीतून केव्हाच बाद झाला. ब्लॉकचा हक्क विजेवर न ठरवता हाती असलेल्या नाण्यांवर का ठरवू नये, हा विचार २०११मध्ये बोलला जाऊ लागला आणि ऑगस्ट २०१२मध्ये पीअरकॉइनने तो प्रत्यक्षात आणला. कर्ते दोघे: सनी किंग हे टोपणनाव घेतलेली व्यक्ती आणि स्कॉट नडाल.

पीअरकॉइनमध्ये 'कॉइन एज' मोजत. जितकी नाणी, जितके दिवस जागची हलली नाहीत, तितकं वजन, एफडीच्या मुदतीसारखं. ३० दिवस झाल्याशिवाय मोजणीला सुरुवात नाही आणि ९० दिवसांनंतर वाढ नाही. लोक हिशेबाला पक्के निघाले. वॉलेट (नाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) महिनोन्‌महिने बंद ठेवायचं, वजन साठलं की चालू करायचं, ब्लॉक मिळाला की पुन्हा बंद. नेटवर्कची राखण करायला मग जागं कोण? २०१४मध्ये निघालेल्या ब्लॅककॉइनने त्याच वर्षी आपल्या पद्धतीची दुसरी आवृत्ती आणली आणि कॉइन एज काढून टाकलं. आता वाट पाहून वजन वाढत नव्हतं. जो ऑनलाइन, त्यालाच संधी. माझ्या मते भाड्याच्या सर्व्हरचा उगम इथे आहे. क्लाउड कंपन्यांच्या जाहिरातींनी लोक तिकडे वळले, हे मला पटत नाही.

संगणक चोवीस तास चालू ठेवायचा म्हटलं की पुण्यात गुरुवार आठवतो. दुरुस्तीसाठी वीज बंद, आणि इन्व्हर्टरवर पंखा, दिवे नि राउटर चालले तरी डेस्कटॉप चालेलच असं नाही. त्याच सुमारास डिजिटलओशनसारख्या कंपन्या महिना ५ डॉलरला ५१२ एमबी मेमरी आणि २० जीबी एसएसडीचा सर्व्हर देऊ लागल्या होत्या. स्टेकिंगला, म्हणजे नाणी लावून ब्लॉक मिळवायला, आकडेमोड जवळपास लागतच नाही, त्यामुळे एवढं पुरायचं.

पुरायचं, पण बसवताना दमवायचं. छोट्या नाण्यांचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मूळ कोडपासून स्वतः कंपाइल (चालण्याजोगं तयार) करावं लागे. ५१२ एमबीत कंपाइलर मध्येच मारला जाई आणि पडद्यावर 'किल्ड' एवढाच शब्द उरे. उपाय म्हणजे आधी स्वॅप फाइल बनवायची, म्हणजे डिस्कचा थोडा भाग मेमरीसारखा वापरायचा. मग बर्कली डीबी या डेटाबेसची नेमकी ४.८ आवृत्ती शोधायची, कारण जुनी वॉलेट फाइल तीच भाषा जाणते. साखळी (आतापर्यंतचे सगळे ब्लॉक) उतरून झाली की पासवर्ड देऊन वॉलेट 'फक्त स्टेकिंगसाठी' उघडायचं. या अवस्थेत ब्लॉकवर सही होते, पण नाणी बाहेर पाठवता येत नाहीत.

आता या शेवटच्या सोयीवर किती विसंबायचं? सही करणारी गुप्त चावी सर्व्हरच्या मेमरीत असतेच. मार्च २०१२मध्ये लिनोड या होस्टिंग कंपनीच्या ग्राहकसेवेच्या यंत्रणेतून चोर ग्राहकांच्या सर्व्हरांवर पोहोचले आणि बिटकॉइनिका या एकट्या सेवेची ४३ हजारांहून जास्त बिटकॉइन गेली. सर्व्हरला कितीही कुलपं घाला, इमारतीच्या मालकाकडे दुसरी किल्ली असते. यातूनच पुढे कोल्ड स्टेकिंग आलं: खर्चाची चावी घरी, सर्व्हरवर फक्त सहीपुरता अधिकार. इथेरियम या मोठ्या नेटवर्कनेही सहीची चावी आणि पैसे काढायची चावी वेगळी ठेवली.

इथेरियमची बीकन चेन, म्हणजे प्रूफ ऑफ स्टेकवरची वेगळी साखळी, १ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाली. एका व्हॅलिडेटरमागे (ब्लॉकवर सही करणाऱ्यामागे) ३२ इथर, म्हणजे तिथली नाणी, अडकवायचे. १५ सप्टेंबर २०२२च्या 'मर्ज'नंतर मुख्य साखळीच त्यावर आली आणि इथेरियम फाउंडेशनच्या हिशेबाने विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला. नोड चालवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मोठा बदल दंडाचा होता. नोड बंद पडला तर साधारण जेवढं मिळालं असतं तेवढंच जातं. पण 'बॅकअप असावा' म्हणून तीच चावी दुसऱ्या सर्व्हरवर चढवली आणि दोन्ही जागे झाले, तर एकाच वेळच्या दोन परस्परविरोधी सह्या होऊ शकतात. त्याला स्लॅशिंग म्हणतात: अडकवलेल्या रकमेतून कपात आणि व्हॅलिडेटर नेटवर्कबाहेर. ब्लॅककॉइनच्या काळात बंद पडण्याची धास्ती असायची, आता दुप्पट चालू राहण्याची.

भाडेकरूपणाचा दुसरा धोका त्याच वर्षी दिसला. जर्मनीच्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीने ऑगस्ट २०२२मध्ये ब्लॉकचेन नोड आपल्या अटींत बसत नाहीत असं स्पष्ट केलं आणि नोव्हेंबरमध्ये सोलाना या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कचे हजारभर व्हॅलिडेटर एका झटक्यात बाहेर काढले. सोलाना बंद पडलं नाही, पण इतके नोड एकाच मालकाच्या छपराखाली होते हे सगळ्यांना कळलं. आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट अझूरचा 'सेंट्रल इंडिया' विभाग २०१५पासून पुण्यातच आहे. 'जवळचा सर्व्हर' निवडणाऱ्या पुणेकराचा नोड त्याच्याच गावात असू शकतो, पण मालकाच्या अटी त्यालाही चुकत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२च्या अर्थसंकल्पाने विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला, आणि १ जुलै २०२२पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. त्या नफ्यातून फक्त खरेदीची किंमत वजा होते. सर्व्हरचं महिन्याचं भाडं त्यात धरता येत नाही.