रिंग दोनदा का फिरते?

जादूच्या प्रयोगात मुलगी अधांतरी तरंगायला लागली, की शिवाजी मंदिरातले प्रेक्षक आधी छताकडे बघतात. दोरी शोधतात. आधार नाही हे पटवायला जादूगार एक रिंग तिच्या अंगावरून दोनदा फिरवतो. विज्ञानाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे: तिचं वजन गेलं कुठे? वजन नाहीसं होत नाही. ते कुठल्या ना कुठल्या वाटेने जमिनीपर्यंत पोचावंच लागतं.

काही जादूगार बारीक तारा वापरतात, पण दणकट पद्धत पोलादी दांड्याची. चाळीची गॅलरी भिंतीतून बाहेर डोकावते, तसा हा दांडा पडद्यामागच्या खांबातून निघतो आणि मुलीच्या पाठीखालची फळी पेलतो. मुलगी 50 किलोची आणि खांबापासून 1 मीटरवर असेल, तर खांबाच्या मुळाशी सुमारे 490 न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे खांब उलटवू पाहणारा जोर, पडतं. खांब उलटू नये म्हणून त्याची बैठक रुंद आणि जड लागते. दांडा मात्र बारीक हवा, आणि तो लवताही कामा नये! त्यावर उपाय असा, की दांडा चपट्या पट्टीचा करायचा आणि ती पट्टी उभ्या कडेवर बसवायची. पट्टीची उंची दुप्पट केली, की ती वाकण्याला आठपट विरोध करते. घरातली प्लॅस्टिकची फूटपट्टी आधी आडवी आणि मग उभी धरून वाकवून बघा, लगेच पटेल.

आता रिंग. दांडा सरळ असता तर रिंग त्यावर अडकली असती. म्हणून त्याला मुद्दाम खोल वळण दिलेलं असतं. जादूगार रिंग पायांकडून डोक्याकडे नेतो, तेव्हा तिची मागची बाजू त्या वळणात शिरते. समोरून वाटतं, रिंग आरपार गेली. प्रत्यक्षात ती अजून दांड्यातच ओवलेली असते. मग तो ती मागून फिरवून पुन्हा एकदा अंगावरून नेतो आणि तेव्हा कुठे ती मोकळी होते. प्रेक्षकांना वाटतं, खात्री पटावी म्हणून बिचारा दोनदा दाखवतोय. मला या खेळातली सगळ्यांत देखणी गोष्ट हीच वाटते: जी फेरी टाळताच येत नाही, तीच पुरावा म्हणून खपते.

काठीला एक हात लावून हवेत बसणाऱ्या योग्याचा खेळ याच तत्त्वावर चालतो. 1830च्या सुमारास मद्रासमध्ये एक ब्राह्मण तो करून दाखवत असे. अशा खेळात काठीतून निघालेला लोखंडी आधार बाहीतून कपड्यांखालच्या बैठकीपर्यंत जातो. आजच्या रस्त्यावरच्या खेळात खाली सतरंजी दिसते, ती जड तळपाट झाकायला. योगी, काठी आणि पाट यांचा मिळून गुरुत्वमध्य त्या पाटाच्या हद्दीतच राहावा लागतो, नाहीतर काठीसकट सगळं कोसळेल.

पॅरिसमध्ये 1847 साली रॉबेर-उदँ या जादूगाराने या युक्तीला ताज्या विज्ञानाची जोड दिली. शस्त्रक्रियेआधी भूल म्हणून ईथर हुंगवण्याची तेव्हा नवलाई होती. ईथर हुंगवल्याने आपला मुलगा हलका होतो, असं तो सांगे आणि पडद्यामागे तापलेल्या लोखंडावर ईथर ओतून त्याचा वास नाट्यगृहभर पसरवी. मुलाचं वजन तेवढंच राही. कपड्यांखाली बांधलेल्या आधाराच्या सांगाड्यातून ते एका काठीवर उतरे आणि काठीतून जमिनीवर.