'बाधत नाही' आणि 'गुण येतो': मधुमेहावरील वनौषधींच्या दोन वेगळ्या परीक्षा

मधुमेहावरच्या काढ्या-चूर्णांबद्दल 'झाडपाल्याचेच आहे, घेऊन बघा, बाधणार तर नाही ना' असे म्हणताना आपण नकळत दोन प्रश्नांची सरमिसळ करतो. औषध बाधते का, हा सुरक्षिततेचा प्रश्न. त्याने गुण येतो का, हा परिणामकारकतेचा. एका परीक्षेत पास झालेले औषध दुसरीत खुशाल नापास होऊ शकते.

कारल्याचेच पाहा. भाजी म्हणून ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पचले आहे; मात्र 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात (उपचारांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) चार चाचण्यांतील 479 रुग्णांची माहिती तपासूनही टाइप 2 मधुमेहात त्याची शिफारस करण्याइतका पुरावा हाती आला नाही. गुण सिद्ध करायचा तर एका गटाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल द्यावी लागते (रस देऊन हे जमणार नाही, पहिल्या घोटालाच बिंग फुटेल), आणि एखाद्या सकाळच्या उपाशीपोटी साखरेवर न विसंबता साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए1सी मोजावे लागते. मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या गुडमार या वेलीचे पान चघळल्यावर साखर मातीसारखी लागते, हे खरेच आहे. पण तो अनुभव जिभेचा, रक्ताचा नव्हे.

सुरक्षिततेची परीक्षा त्याहून चिवट. साठ रुग्णांना बारा आठवडे औषध दिल्यास साखर उतरलेली दिसू शकते, पण हजारात एखाद्यालाच होणारी यकृताची इजा तेवढ्यात बहुधा दिसणारच नाही. त्यासाठी पुष्कळ रुग्णांच्या दीर्घकाळ नोंदी ठेवाव्या लागतात, औषधात शिसे-पारा नाही ना हे पाहावे लागते, आणि चालू गोळ्यांच्या जोडीला ते घेतल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरत नाही ना, हेही.

गुण आहे पण सुरक्षितता नाही, याचे उदाहरण फेनफॉर्मिनचे. युरोपातील गलेगा या वनस्पतीतल्या गॅलेजिनशी रासायनिक नाते सांगणारे हे औषध म्हणजे मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीचे भावंड. साखर उतरवण्यात ते कमी नव्हते, पण रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागल्याने 1977 मध्ये अमेरिकेत त्याच्यावर बंदी आली. पुढे 2000 साली तिथल्याच एफडीए या औषध नियामक संस्थेने मधुमेहावरच्या काही चिनी 'वनौषधी' गोळ्यांबाबत इशारा दिला, कारण त्यांत ग्लायब्युराइड या साखर उतरवणाऱ्या औषधासोबत हेच फेनफॉर्मिन मिसळलेले आढळले होते. अशा गोळीने साखर उतरली, तरी तो गुण वनस्पतीच्या खात्यावर मांडता येत नाही.